घरच्या जांभळाच्या वाईनमधे अल्कोहोल किती आहे ते आता कसं काढू? सुरुवातीला काहीच मोजलेलं नाही

कर्लीकाठची

नमस्कार मंडळी. मे अखेरीला पाऊस यायच्या आत परसातल्या झाडाची जांभळं उतरवली आणि पहिल्यांदाच वाईन घातली. ५ किलो जांभळं, अडीच किलो साखर, उकळून गार केलेलं विहिरीचं पाणी आणि एक चमचा बेकरीचं यीस्ट. २० लिटरच्या पाण्याच्या जारमधे सगळं मिळून रस साधारण १२ लिटर झाला होता. दहा-बारा दिवस नुसता खदखदत होता, मग शांत झाला, पंच्याने गाळून घेतला, पावसाळाभर तसाच अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि दसऱ्याला बाटल्या भरल्या. रंग असा आलाय की बाटली उजेडाला धरली की बघतच राहावं. चव गोड, घशाला अजिबात लागत नाही.

आता खरी गोष्ट. जत्रेला मुंबईहून मावसभाऊ आला होता. जेवताना त्याला दिली, मी घरचीच आहे हलकी आहे म्हटलं, त्याने पाण्याच्या स्टीलच्या पेल्याने दोन पेले घेतले आणि रात्री दशावतार बघायला बाईक काढून गेला. साकवाच्या अलीकडच्या वळणावर गाडी सरळ व्हाळात. नशिबाने पाणी कमी होतं, गुडघा आणि कोपर सोलवटलं तेवढंच. तो कोणाला काही बोलला नाही पण मला रात्रभर झोप नाही, कारण हलकी आहे हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते माझं मलाच सांगता येईना.

तर प्रश्न असा की आता वाईन तयार झाल्यावर त्यात अल्कोहोल किती टक्के आहे हे घरी कळू शकतं का? हायड्रोमीटरबद्दल (द्रवात तरंगणारी काचेची नळी, तो पाण्यापेक्षा किती जड ते दाखवते) वाचलं पण सगळीकडे सुरुवातीचं माप लागतं म्हणतात आणि ते मी घेतलेलं नाही. बाटल्यांवर चिठ्ठी लावायचीय आणि तिच्यावर जो आकडा लिहीन तो खरा असायला हवा.

तळकोकणी_८२

ताई सोपं आहे, चव बघा. जीभ चुरचुरली की कडक, नाही तर सौम्य. तुमची गोड आहे म्हणजे ६-७ टक्क्याच्या वर नसणार. आणि जितके महिने ठेवाल तितकी कडक होत जाते, आमच्याकडे वर्षाची झाल्याशिवाय काढत नाहीत.

बांद्याकडचा

आमच्या पट्ट्यात फेणीवाले बाटली हलवतात आणि वर येणारे मणी किती वेळ टिकतात त्यावरून ओळखतात, ते करून बघा. नाहीतर चमचाभर घेऊन काडी लावा, पेटली तर जोरदार.

दापोलीची_मास्तरीण

तळकोकणी आणि बांद्याकडचे भाऊ, राग मानू नका, पण या तिन्ही गोष्टी वाईनला चालत नाहीत आणि ताईंच्या भावाचं जे झालं ते नेमकं अशाच समजुतीतून होतं म्हणून सविस्तर लिहिते. मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवलंय.

मणी बघायची पद्धत ही गाळलेल्या दारूसाठी, फेणी ४२-४५ टक्क्यांची असते आणि ते लोक वर्षानुवर्षं एकच माल बघत असतात म्हणून त्यांचा डोळा बसलेला असतो. वाईनमधे साखर, रंग, फळाचा गर सगळं असतं, तिथे मणी काहीच सांगत नाहीत. वाईन थंड असताना काडीने पेटतच नाही, ८ टक्क्यांचीही नाही आणि १४ टक्क्यांचीही नाही. आणि चवीचं म्हणाल तर साखर अल्कोहोलचा झणका झाकते. ताईंची वाईन घशाला लागत नाही याचा अर्थ तिच्यात साखर उरलीय एवढाच, अल्कोहोल कमी आहे असा नाही. ठेवून कडक होते हेही नाही, यीस्टचं काम थांबलं की टक्का तिथेच थांबतो, पुढे फक्त चव मुरते.

आता ताई, पहिलं तुमच्या साखरेवरून कागदावर काढू. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, १८० ग्रॅम ग्लुकोजचे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस, हे गणित पक्कं आहे. यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीला वापरतं, तो तोटा धरून वाईन करणारे हिशोब असा लावतात की एका लिटरमधली १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल येतं. तुमची घातलेली साखर २५०० ग्रॅम. ५ किलो जांभळातून बिया गेल्या तर गर साडेतीन किलो धरा, जांभळात साखर साधारण दहावा भाग धरली तर ३५० ग्रॅम. झाले २८५०. १२ लिटरने भागलं की लिटरला २३७ ग्रॅम आणि त्याला १७ ने भागलं की जवळपास १४.

म्हणजे सगळीच्या सगळी साखर संपली असती तर १४ टक्के. याच्या वर तुमची वाईन जाऊच शकत नाही. पण ती गोड आहे म्हणजे साखर उरलीय, आणि बेकरीचं यीस्ट बहुतेक वेळा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान दमतं (वाईनचं खास यीस्ट १४-१८ पर्यंत जातं). तेव्हा उत्तर ८ ते १२ मधे कुठेतरी असणार. चिठ्ठीवर लिहायला एवढं पुरणार नाही हे मलाही कळतंय, म्हणून दुसरी पद्धत सांगते जिला सुरुवातीचं माप लागत नाही.

एक साधा हायड्रोमीटर घ्या, ०.९९० ते १.१०० वाला, ऑनलाइन मिळतो, सोबत उंच नळीसारखं भांडं. आधी वाईन दुसऱ्या भांड्यात चारपाच वेळा ओतून तिच्यातला गॅस घालवा, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. मग २५० मिली बरोब्बर मोजून घ्या आणि त्याचं वाचन लिहून ठेवा. आता हेच २५० मिली स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा. खिडकी उघडी ठेवा आणि आच पातेल्याच्या बाहेर येऊ देऊ नका, शक्यतो इंडक्शनवर करा कारण सुरुवातीला निघणारी वाफ अल्कोहोलची असते. निम्मं झालं की अल्कोहोल उडून गेलेलं असतं, साखर आणि बाकी सगळं मागे राहतं. गार करा, पातेलं डिस्टिल्ड वॉटरने विसळून ते पाणीही त्यातच घ्या आणि परत बरोब्बर २५० मिली करा. पेट्रोलपंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल, फक्त हा नमुना नंतर कोणी पिऊ नये, ओतून टाका. पुन्हा वाचन घ्या. आता आकडा वाढलेला दिसेल, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, ते गेलं आणि त्याच्या जागी पाणी आलं.

या दोन वाचनांतला फरक म्हणजे तुमचं उत्तर. फरक ०.००७ असेल तर ५ टक्के, ०.०११ असेल तर ८, साडेतेरा हजारांश म्हणजे ०.०१३५ असेल तर १०, ०.०१६ च्या जरा अलीकडे असेल तर १२, ०.०१८ असेल तर १४. एक हजारांश चुकलात तर पाऊण टक्का चुकतो, म्हणून घाई करू नका आणि तीनदा करून बघा.

अजून एक, हायड्रोमीटरवर २० अंश लिहिलेलं असतं, आपल्याकडे खोलीतच २९-३० अंश असतात, त्यामुळे नुसतं वाचन दोन-अडीच हजारांश कमी दिसतं. पण दोन्ही वाचनं एकाच तापमानाला घेतलीत तर फरकात ही चूक आपोआप कटते. म्हणून गार करा म्हणजे फ्रीजमधे नाही, खोलीत ठेवून खोलीइतकं होऊ द्या.

चिपळूणचा_दूधवाला

मॅडम एक विचारू का, आमच्याकडे दुधाचा लॅक्टोमीटर आहे, तोही पाण्यापेक्षा किती जड तेच दाखवतो ना, तो चालेल का? नवीन घ्यायला नको.

दापोलीची_मास्तरीण

चालेल पण अर्धाच. लॅक्टोमीटरवर ० ते ४० असतं म्हणजे १.००० ते १.०४०. वाईनचा ताजा रस १.०९० च्या आसपास असतो, त्यात लॅक्टोमीटर वर तरंगत बाहेरच येईल. एक भाग रस आणि दोन भाग पाणी असं पातळ करा, वाचन घ्या आणि त्याला ३ ने गुणा, ३० आलं तर ९० म्हणजे १.०९०. पण चूकही तिप्पट होते हे लक्षात ठेवा. आणि पूर्ण कोरडी झालेली वाईन १.००० च्या खाली जाते, ०.९९५ वगैरे, ते लॅक्टोमीटरला दिसतच नाही. तुमच्या लॅक्टोमीटरवर कुठलं तापमान छापलंय तेही बघा, दुधाच्या मापकांवर ते वेगळं असू शकतं. ताईंची वाईन गोड आहे त्यामुळे त्यांच्या कामाला मात्र तो चालून जाईल, दोन्ही वाचनं ० आणि ४० च्या मधेच येतील.

हर्णैचा_बाळ्या

मी हायड्रोमीटर कधी वापरला नाही, मी काजूच्या बोंडूंची करतो आणि वजनावर काढतो. पुढच्या वेळी करून बघा ताई, याच्यात काही उघडावं लागत नाही, वाईनीला हवा लागत नाही. मॅडमनी वर लिहिलंय ना ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस, तर तो गॅस एअरलॉकमधून (झाकणाला लावायची पाण्याची नळी, गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) बाहेर जातो आणि जार तेवढा हलका होतो. जेवढं वजन घटलं त्याच्या जरासं जास्त वजनाचं अल्कोहोल आत तयार झालेलं असतं. मी डोक्यात एवढंच ठेवतो की १०० ग्रॅम घटले की साधारण १३० मिली शुद्ध अल्कोहोल.

आमच्या घरी मासळीचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ३० किलोचा, ५ ग्रॅमवर फिरतो. यीस्ट टाकलं की झाकण, एअरलॉक सगळं लावून वजन करायचं आणि जारवरच स्केचपेनने लिहून ठेवायचं. यंदा ५ लिटर बोंडूचा रस होता (साबुदाण्याची पेज घालून आधी निवळून घेतलेला, त्याने तुरटपणा जातो, ते केलं नाही तर घसा धरतो), १९ दिवसांनी ३३० ग्रॅम घटले. ३३० म्हणजे ४३० मिली अल्कोहोल, ५ लिटरमधे ४३० म्हणजे साडेआठ टक्के. फक्त दोन गोष्टी पाळायच्या, मधे गाळायचं नाही आणि चव बघायला एक थेंब काढायचा नाही, नाहीतर हिशोब गेला. एअरलॉकमधलं पाणी उडून जातं ते पहिल्या वजनाच्या वेळी होतं तितकंच भरून मग तोलायचं. आणि काट्यावर मासळीचं पाणी असतं ते पुसून घ्यायचं, एकदा तेच राहिलं आणि ४० ग्रॅमचा घोळ झाला.

वसईकर_आजी

बाळा चांगली पद्धत आहे, मी नव्याने शिकले. आमच्याकडे नाताळला वाईन घरोघरी मुरायची, माझी आई द्राक्षाची आणि आल्याची करायची आणि पाहुण्याला द्यायची ती बोटभर उंचीच्या काचेच्या ग्लासातून. तेव्हा मोजायला काही नव्हतं पण ग्लास लहान होता. कर्लीकाठच्या बाय, तुझ्या वाईनपेक्षा तुझा स्टीलचा पेला मला जास्त खटकला. त्यात दोनशे मिली सहज मावतं.

दुसरं, वयाने मोठी म्हणून सांगते, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करायला त्यात मनाई आहे. घरापुरतं आहे म्हणून चालतं असं बरेच जण समजतात. राज्य उत्पादन शुल्कच्या तालुक्याच्या ऑफिसात जाऊन काय लागतं ते विचारून घे. विकायचं तर मनातही आणू नकोस, आणि कोणी म्हणालं की हीच वाईन गाळून कडक कर तर त्याचं ऐकू नकोस. फळाच्या वाईनमधे मिथेनॉल अगदी थोडं असतं, त्याने काही होत नाही, पण घरच्या घरी गाळायला गेलं की पहिल्या धारेत नको ते एकवटतं आणि आगीचा धोका वेगळाच.

तळकोकणी_८२

मास्तरीणबाई, तुमचं वाचून माझं म्हणणं मागे घेतो. ठेवून कडक होते हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि तसंच सगळ्यांना सांगत आलो. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना औषध म्हणून बुचभर द्यायचे, कोणाला शुगर, कोणाला बीपीच्या गोळ्या, आणि आम्ही हलकी आहे घ्या म्हणायचो. व्हायनोमीटर म्हणून एक काचेची बारीक नळी येते, दोन थेंबात टक्का दाखवते, पुतण्याने आणून दिलीय, ती बरी का?

दापोलीची_मास्तरीण

पूर्ण कोरड्या वाईनला अंदाजापुरती बरी. गोड वाईनमधे साखर नळीतल्या थेंबाचं वागणं बदलते आणि आकडा भलताच येतो. तसंच रिफ्रॅक्टोमीटरचं (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर दाखवणारं यंत्र), तो ताज्या रसाला उत्तम, यीस्ट घातल्यावर अल्कोहोलमुळे फसवतो आणि मग आकडेमोड करून दुरुस्त करावा लागतो. तुमच्या बुचभर औषधाबद्दल म्हणाल तर ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुचभरही घेऊ नये, आणि शुगर असणाऱ्याला गोड वाईन म्हणजे दोन्हीकडून त्रास.

कर्लीकाठची

मंडळी, हायड्रोमीटर परवा आला आणि काल दुपारभर तेच केलं. सांगते काय झालं.

पहिल्यांदा गॅस घालवायचं विसरले आणि खरंच, हायड्रोमीटरच्या अंगाला साबुदाण्यासारखे बुडबुडे, हळूहळू वर सरकतोय. मग दोन भांड्यांत ओतून ओतून परत घेतलं. दुसरी अडचण जांभळाच्या रंगाची. पातळी खालच्या कडेला वाचायची म्हणतात पण रंग इतका काळा की खालची कड दिसतच नाही, नळीमागे बॅटरी धरली तरी नाही. शेवटी दोन्ही वेळा वरच्या कडेलाच वाचलं, म्हटलं फरकात ते कटेल. खोलीत २९ अंश होते.

आटवायच्या आधी १.०१६. आटवून, गार करून, बॅटरीच्या पाण्याने २५० मिली करून १.०२९. तीनदा केलं, दोनदा १३ चा फरक आला आणि एकदा १२ चा, त्या वेळी मला वाटतं पातेलं नीट विसळलं नव्हतं किंवा पाणी दोन थेंब जास्त झालं. आटवताना स्वयंपाकघरात पहिली पाच मिनिटं जो वास आला त्यावरूनच मला कळलं की ही हलकी नाही.

१३ धरलं तर बाईंच्या आकड्यांप्रमाणे साडेनऊ टक्क्यांच्या पुढे, दहाच्या जरा खाली.

मग दुसऱ्या वाटेनेही ताळा केला. लिटरला २३७ ग्रॅम साखर आणि फळाचं बाकीचं धरून सुरुवातीचा आकडा १.०९५ च्या आसपास असणार असं धरलं. आताचा १.०१६ मधे तापमानाचे दोन मिळवून १.०१८. वजा करून ०.०७७, त्याला १३१.२५ ने गुणलं (हे सूत्र सगळीकडे दिलंय), आलं १०.१. दोन्ही वाटांनी दहाच्या अलीकडे-पलीकडेच. मी चिठ्ठीवर १० टक्के लिहिणार आहे.

आणि मग तो पेला मोजला. आमच्या स्टीलच्या पेल्यात काठाच्या बोटभर खाली २०० मिली येतं. दोन पेले म्हणजे ४०० मिली, १० टक्के म्हणजे ४० मिली शुद्ध अल्कोहोल. दुकानातली व्हिस्की ४२.८ टक्के असते, तिच्या ३० मिलीच्या एका पेगमधे १३ मिलीच्या आत येतं. म्हणजे मी त्याला जेवणासोबत तीन पेग पाण्यासारखे भरून दिले आणि गाडीची चावी हातात घेऊ दिली. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की तो दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा आहे, तो त्या रात्री बहुधा त्याच्या वर होता. काल रात्री त्याला फोन करून हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. तो म्हणाला अगं मला वाटलं जागरणाने डोळा लागला असेल.

आजी, राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात सोमवारी जाऊन विचारून येते. तोवर बाटल्या कोणाला देत नाही.

हर्णैचा_बाळ्या

मस्त केलंत ताई. साडेनऊ टक्के अल्कोहोलला लिटरमागे १६०-१६५ ग्रॅम साखर खर्च झाली असेल, तुम्ही घातलेली २३७, म्हणजे लिटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास अजून आत आहे. म्हणून सरबतासारखी लागते.

वसईकर_आजी

बाळ्याने लिहिलं ते वाचून लगेच लिहिते. सत्तर ग्रॅम साखर उरलीय आणि यीस्ट दमलंय, मेलेलं नाही. आता थंडी आहे म्हणून गप्प आहे, फेब्रुवारी-मार्चमधे गरमी वाढली की बाटलीतच परत सुरू होऊ शकतं. माझ्या बहिणीच्या कपाटात एप्रिलमधे तीन बाटल्या फुटल्या होत्या, काचेचा तुकडा लाकडी दारात रुतला होता. बुचं घट्ट लावली असशील तर आजच एकेक सैल करून बघ, फुस्स आवाज आला तर ती बाटली आधी फ्रीजमधे. सगळ्या फ्रीजमधे मावत नसतील तर परत जारमधे ओत आणि एअरलॉक लाव. आणि तसं झालं तर टक्का परत चढेल, तेव्हा चिठ्ठी चिकटवायच्या आधी एकदा हायड्रोमीटर घालून बघ, १.०१६ च्या खाली गेला असेल तर तुझा १० चा आकडा जुना झाला.

कर्लीकाठची

आजी, आत्ता जाऊन पाच बाटल्या उघडून बघितल्या. चार गप्प होत्या, खिडकीजवळच्या एकीने फुस्स केलं. सगळ्या परत जारमधे ओतते. चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात पण आकड्याची जागा पेन्सिलीने ठेवते.